बांधकामातील यंत्रमानव : जपानमधील एका अपुऱ्या प्रयोगाचा विचार

१

यंत्रमानवाचा इतिहास बहुधा कारखान्याच्या चार भिंतींच्या आत राहून लिहिला जातो. इमारत बांधण्याच्या व ती सांभाळण्याच्या कामी यंत्रमानवाचा उपयोग करून घेण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची दखल मात्र इतिहासकारांनी क्वचितच घेतली आहे. हे प्रयत्न सर्वाधिक चिकाटीने झाले ते जपानमध्ये. तेथील मोठ्या बांधकाम संस्थांनी १९८० नंतरच्या दीड दशकात अशा यंत्रांचे शंभराहून अधिक प्रकार सिद्ध केले. परंतु त्यांपैकी फारच थोडी नित्याच्या वापरात टिकली. ज्या देशाजवळ भांडवल होते, विद्या होती आणि गरजही होती, त्या देशात असे का घडावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

कावासाकी कंपनीने अमेरिकन परवान्यावर जपानमधील पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६९ मध्ये तयार केला. पुढील दहा वर्षांत मोटारींच्या कारखान्यांतून या यंत्रांचा इतका प्रसार झाला की १९८० हे वर्ष तेथे ‘यंत्रमानवाचे पहिले वर्ष’ म्हणून ओळखले जाऊ लागले. बांधकामाचा धंदा मात्र जुन्याच वळणाने चालला होता. काम कष्टाचे, घाणीचे व धोक्याचे. त्यामुळे तरुण पिढी त्याकडे पाठ फिरवू लागली होती. अशा स्थितीत वासेदा विद्यापीठात बांधकाम-यंत्रमानवाचे संशोधन सुरू झाले आणि १९८३ मध्ये शिमिझू या संस्थेने ‘एसएसआर-१’ हे यंत्र प्रत्यक्ष कामावर आणले. पोलादी तुळयांवर अग्निरोधक रॉकवूलचा थर फवारणे हे त्याचे काम. हे काम निवडण्यामागील हेतू स्पष्ट आहे. फवारणीच्या वेळी धूळ व तंतू इतके उडतात की कामगाराला मुखवटा बांधून, अंगभर कपडे घालून उभे राहावे लागते. माणसाला जे सर्वांत त्रासदायक, ते यंत्राकडे सोपवावे, असा हा विचार होता.

काँक्रीटची जमीन गुळगुळीत करणारी यंत्रे याच विचारातून निघाली. काँक्रीट घट्ट होऊ लागेपर्यंत थांबायचे आणि मग रात्री-अपरात्री ओणवे होऊन थापी फिरवायची, हा त्या कारागिरांचा नित्यक्रम. त्यासाठी शिमिझू, काजिमा व ताकेनाका या तिन्ही संस्थांनी आपापली यंत्रे केली. इमारतींच्या देखभालीसाठीही यंत्रे झाली. बाहेरील भिंतीवरून खाली सरकत, फरशीवर ठोके देत, आवाजावरून सुटलेली फरशी ओळखणारी यंत्रे त्यांत होती. १९८९ मध्ये किताक्युशू येथे भिंतीवरील फरश्या कोसळून दोन माणसे दगावली. अशा तपासणीची निकड त्या दुर्घटनेने सर्वांना पटवून दिली.

३

या पहिल्या पिढीच्या यंत्रांची अडचण त्यांच्या कौशल्यात नव्हती. कारखान्यात कामकरी एका जागी असतो व वस्तू त्याच्यापुढून सरकते. बांधकामात वस्तू स्थिर असते आणि कामकऱ्याला तिच्याभोवती फिरावे लागते. यंत्र फवारणी करी. परंतु ते मजल्यावर चढविणे, त्याची वाट मोकळी करणे, नळ्या ओढणे आणि राहिलेले कोपरे भरून काढणे ही कामे माणसांकडेच राहिली. एका माणसाचे काम वाचावे आणि त्याच्या मागेपुढे दुसऱ्यांचे वाढावे, असा हा हिशेब होता.

तेव्हा यंत्राला जागेशी जुळवून घेण्यास लावण्याऐवजी जागेलाच कारखान्याचे रूप द्यावे, अशी दुसरी कल्पना पुढे आली. शिमिझूने नागोया येथे जुरोकु बँकेची वीस मजली इमारत बांधताना १९९१ पासून ती अमलात आणली. प्रथम इमारतीचा माथा बांधावयाचा. तो जॅकवर पेलून धरावयाचा. त्याच्या छताखाली फिरणाऱ्या यारींनी खांब व तुळया जागेवर न्यावयाच्या. यंत्राने त्यांचे वेल्डिंग करावयाचे. आणि एक मजला पुरा होताच सारा कारखाना एक मजला वर उचलावयाचा, अशी ही पद्धती. पाऊस व वारा यांची बाधा तीत टळली. ओबायाशी संस्थेने १९९३ मध्ये टोकियोत पोलादी इमारतीसाठी व १९९५ मध्ये चिबा प्रांतात काँक्रीटच्या इमारतीसाठी अशाच योजना वापरल्या. परंतु हा डोलारा उभारण्याचा खर्च मोठा. तो अनेक सारख्या मजल्यांवर वाटला गेला तरच परवडणार. आणि तशा उंच इमारती एकामागून एक मिळत राहतील, हे त्यामागील गृहीत होते.

४

ते गृहीतच कोसळले. जमिनीच्या व समभागांच्या किमतींचा फुगा १९९० च्या सुमारास फुटला. बांधकामातील गुंतवणूक १९९२ मध्ये सुमारे ८४ लाख कोटी येनच्या शिखरावर होती. २०१० पर्यंत ती निम्म्यावर आली. मात्र येथे आणखी एक आकडा लक्षात घेतला पाहिजे. बांधकामातील रोजगाराचे शिखर १९९२ मध्ये आले नाही. ते १९९७ मध्ये आले, आणि तेव्हा ही संख्या सुमारे ६८.५ लाख होती. म्हणजे पाच वर्षे काम घटत असता हात वाढत होते. मंदीवर उपाय म्हणून सरकारने सार्वजनिक कामे काढली व इतर धंद्यांतून सुटलेली माणसे तेथे सामावली गेली. ज्या मजूरटंचाईसाठी यंत्रमानव जन्माला आला, ती टंचाईच उरली नाही. शिवाय प्रत्यक्ष काम करीत ते पोटकंत्राटदार आणि यंत्रे मोठ्या संस्थांची. मजुरी उतरत असताना पोटकंत्राटदाराने महाग यंत्राची वाट का पाहावी? यंत्रे गोदामात गेली; मुखवटा बांधून फवारणी करणारा माणूस तुळईखाली परत आला.

५

तथापि हा प्रयोग वाया गेला असे म्हणता येणार नाही. इमारत जॅकवर पेलण्याची विद्या पुढे उलट दिशेने उपयोगी पडली. २०१२–१३ मध्ये टोकियोतील सुमारे १४० मीटर उंचीचे अकासाका प्रिन्स हॉटेल माथ्याच्या आच्छादनाखाली मजल्यामागून मजला उतरवीत पाडण्यात आले. प्रश्नही पुन्हा उभा राहिला आहे. आज तेथील बांधकाम कामगारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक पंचावन्न वर्षांवरील आहेत. २०१८ मध्ये एका सरकारी संशोधनसंस्थेने भिंतीवर जिप्समचे तक्ते बसविणारे माणसाच्या आकाराचे यंत्र दाखविले. २०१९ मध्ये परदेशी कुशल कामगारांसाठी नवा परवाना सुरू झाला. यंत्र व परका मजूर हे दोन्ही उपाय एकाच वेळी पुढे यावेत, यातच वरील विवेचनाचे सार आहे.

यंत्र माणसाचे कष्ट हलके करू शकते म्हणून ते स्वीकारले जात नाही. माणूस मिळेनासा झाला किंवा महाग झाला म्हणजे ते स्वीकारले जाते. जपानच्या उदाहरणावरून एवढा निष्कर्ष निश्चित काढता येतो. कष्ट हलके व्हावेत ही जर समाजाची खरी इच्छा असेल, तर तिचा भार बाजारभावावर टाकून चालणार नाही. तंत्राच्या अभ्यासकाने म्हणूनच यंत्राच्या आराखड्यासोबत त्या काळच्या मजुरीचे दरपत्रकही वाचले पाहिजे.