निखाऱ्याला सोसणारा रंग

दिवाळीच्या अंकात शेगडीच्या रंगाचा इतिहास सांगायला बसलो आहे, हे पाहून वाचक हसतील. फराळाच्या ताटाकडे सर्वांचेच लक्ष जाते. पण ज्या विस्तवावर तो होतो, त्या शेगडीकडे कोण पाहतो? मी मात्र पाहतो, आणि त्याला एक जुने, थोडेसे लाजिरवाणे कारण आहे.

साल १९६८. आमच्याकडे तेव्हा गॅस आलेला नव्हता. जुन्या बादलीला खाली तोंड पाडून, आतून माती लिंपून आणि मध्ये जाळी बसवून केलेली कोळशाची शेगडी हेच आमच्या स्वयंपाकघराचे दैवत. त्या वर्षी दिवाळीपूर्वी घराला रंग लागला आणि खिडक्यांच्या गजांसाठी आणलेला हिरवा ऑइलपेंट डब्याच्या तळाशी थोडा उरला. सगळे घर नटले आणि शेगडी तेवढी गंजकी राहिली, हे माझ्या नऊ वर्षांच्या मनाला पटेना. दुपारी मंडळी निजली असता मी तिला रंगाचे दोन हात दिले.

दुसऱ्या दिवशी आईने चकल्यांची कढई चढवली. घटकाभरात रंगाला फोड आले, धूर निघाला आणि पहिल्या दोन घाण्यांना असा वास लागला की त्या टाकूनच द्याव्या लागल्या. तेल महाग, भाजणी मोजकी! आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अरे, विस्तवापुढे तुझा हा रंग टिकणार कसा?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा आणि फार दूर मिळाले. काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेत शिकागोजवळ भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या परसात तीन पायांवर एक गोल, झाकणाची कोळशाची शेगडी उभी होती, काळी कुळकुळीत. "मामा, वीस वर्षं झाली हिला," तो म्हणाला. "बर्फात असते, पावसात असते. पुसण्यापलीकडे मी काही करत नाही." मी तिच्यावर बोट फिरवले. रंग कसला, ती तर काच होती!

ह्या शेगडीचा जन्म त्याच मुलखातला. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स ह्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करीत. मिशिगन सरोवरात जहाजांना वाट दाखवणारे पोकळ लोखंडी बोये तिथे तयार होत. परसातल्या उघड्या शेगडीवर वारा आणि पाऊस ह्यांनी स्टीफन बेजार झाले होते. १९५२ साली त्यांनी बोयाच्या गोलाचे दोन भाग घेतले. खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ. पहिल्यांदा झाकण घालताच कोळसे विझू लागले. मग हवेसाठी भोके पाडली, अशी हकीगत सांगतात. त्या आकारामुळे लोकांनी तिला पुढे 'स्पुटनिक' म्हटले; कारण १९५७ साली रशियाचा तो गोलक आकाशात फिरू लागला होता.

आकार तर सापडला. पण उघड्यावर राहणाऱ्या पोलादाला गंजापासून वाचवायचे कसे? साधा तेलरंग सुमारे दोनशे अंशांपुढे जळू लागतो. माझ्या हिरव्या रंगाचे तेच झाले. जस्ताचा मुलामा द्यावा, तर जस्त ४१९ अंशांना वितळते आणि फार तापले तर त्याचा धूर बाधतो. आमच्या बादलीला आतली माती तारत होती, हे मला तेव्हा काय ठाऊक! तेव्हा उरला उपाय इनॅमलचा. दागिन्यांवरच्या मीनाकारीचा आणि आपल्या निळ्या काठांच्या पांढऱ्या थाळ्यांचा हा सख्खा भाऊ.

वाळू, टाकणखार वगैरे पदार्थ वितळवून त्यांची काच करतात आणि ती तापलेली असतानाच पाण्यात टाकतात. तिचा चुरा होतो. तो दळून, माती आणि पाणी घालून त्याची पातळ राबडी करतात. तेलकटपणा काढून स्वच्छ केलेल्या पोलादावर ती चढवतात, वाळवतात आणि सुमारे आठशे अंशांच्या भट्टीत भाजतात. काच वितळून पोलादाला बिलगते. थंड होताना पोलाद काचेपेक्षा किंचित अधिक आकसते. त्यामुळे काच सतत दाबाखाली राहते आणि सहसा तडकत नाही. मात्र दगडावर आपटली तर तिचा टवका उडतो. काच ती काचच!

आणि रंगाचे गुपित इथेच आहे. काच पोलादाला घट्ट धरावी म्हणून पहिल्या थरात थोडे कोबाल्टचे भस्म घालतात, आणि कोबाल्ट काचेला गडद निळा रंग देते. म्हणजे पायाचा थर मुळातच काळपट. त्यामुळे काळी शेगडी सोपी आणि स्वस्त पडते. फिकट किंवा झगझगीत रंग हवा असेल, तर बहुधा वर दुसरा थर द्यावा लागतो. लाल आणि पिवळा रंग तर पूर्वापार कॅडमियमपासून होत आले. ते महाग आणि भट्टीत लहरी. शिवाय काळ्यावर धुराचा डाग दिसत नाही. गिऱ्हाइकाला वाटते, रंग आपण निवडला. अर्धी निवड भट्टीने आधीच केलेली असते! तरी हौसेला मोल नाही: २०२२ साली ह्या शेगडीला सत्तर वर्षे झाली, तेव्हा १९५०च्या दशकाची आठवण देणाऱ्या पिवळ्या, निळ्या रंगांत ती काढण्यात आली.

प्रत्येक भागाची जात निराळी, हेही मी तिथे पाहिले. निखारे भांड्याच्या बुडाला न लावता जाळीवर ठेवतात. राखेचे ताट ॲल्युमिनियमचे. मूठ पूर्वी लाकडाची असे, पुढे काच मिसळलेल्या नायलॉनची झाली. स्वस्त शेगड्यांना इनॅमलऐवजी उष्णता सोसणारा सिलिकोनचा रंग देतात. त्या पहिल्यांदा रिकाम्याच तापवून घ्याव्या लागतात.

परत आलो तेव्हा आई थकली होती. तिला मी हे सारे सांगितले. ऐकून ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे आधी स्वतः भट्टीत जाऊन आलेला रंगच विस्तवापुढे टिकतो, असंच ना?"

चार तास मी जे समजावीत होतो, ते तिने एका वाक्यात संपवले.