पायलीपासून मोजपात्रापर्यंत

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला बहुतेकांच्या लक्षात राहिलेला प्रयोग म्हणजे दगडाची घनता काढणे. काचेच्या पेटीतला फिजिकल बॅलन्स, वजनपेटीतली पितळी वजने, ती चिमट्यानेच उचलायची ही सरांची सक्त ताकीद, दोऱ्याला बांधून मोजपात्रात सोडलेला खडा आणि पाण्याची पातळी वाचण्यासाठी टेबलापाशी वाकलेलो आपण. वहीत तीन रकाने : वस्तुमान, आकारमान, घनता. मैदानातल्या काळ्या खड्याची घनता तीनच्या आसपास यायची, कारण आपला दख्खनचा बसाल्ट तेवढाच जड आहे. लोखंडाची ७.९, पाऱ्याची १३.६. आणि पाण्याची? सरळ १.

इतका सरळ आकडा निसर्ग सहसा देत नाही. तो माणसांनी ठरवलेला आहे. कसा, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावेसे वाटते. कारण त्या इतिहासाचा एक भाग आपल्या लहानपणी आपल्याच घरांत घडला.

सुरुवात अर्थात आर्किमिडीजपासून. मुकुटाची आणि न्हाणीघराची गोष्ट आपल्याला सांगितली गेली, पण ती आर्किमिडीजच्या उपलब्ध लेखनात कुठेही नाही. त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने ती लिहून ठेवली. १५८६ मध्ये बावीस वर्षांच्या गॅलिलिओने त्या गोष्टीवर शंका घेतली. सांडलेले पाणी मोजणे ही फारच ढोबळ रीत झाली, असे त्याचे म्हणणे. आपणही हिशेब करून पाहू. एक किलो शुद्ध सोने सुमारे ५२ घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारते. त्यातले ३०० ग्रॅम सोने काढून तेवढीच चांदी घातली, तर ६५. फरक १३ घन सेंटिमीटरचा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात त्यामुळे पातळी अर्धा मिलिमीटरही वाढणार नाही. मोजपात्र उंच आणि अरुंद का असते, याचे उत्तर इथे आहे. गॅलिलिओने सुचवलेला मार्ग वेगळा होता : वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या आजी धान्य तोलत नसत, मापत असत. चिपटे, मापटे, शेर आणि चार शेरांची पायली. पण शेर हे वजनाचेही नाव होते : ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. एकच शब्द, एकदा आकारमानाचा आणि एकदा वस्तुमानाचा! पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा सारख्या भरत नाहीत, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक होते. म्हणजे घनता माहीत होती, फक्त तिला नाव नव्हते. खरी अडचण निराळीच होती. माप शिगोशीग भरायचे की वरून हात फिरवून सपाट करायचे, हे देणारा-घेणारा कोण यावर ठरे. गावागणिक माप बदले. तराजूला पासंग असे तो वेगळाच. या सगळ्यात नुकसान व्हायचे ते ज्याच्याकडे स्वतःचे माप नव्हते त्याचे.

फ्रान्समध्येही हेच होते. १७८९ मध्ये राजापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत जागोजागची मापे एक करा, ही मागणी वारंवार येते. क्रांतीनंतर १७९५ च्या कायद्याने ग्रॅम ठरला : बर्फ वितळण्याच्या तापमानाला एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान. कोणा राजाच्या पेढीतले वजन नको, कोणालाही मिळेल असे पाणी हवे, हा त्यामागचा विचार. पुढे लफेव्र-जिनो आणि फाब्रोनी यांनी पाणी सर्वांत दाट असते ते ४ अंशाचे तापमान पक्के केले आणि पितळेचा एक पोकळ दंडगोल हवेत व पाण्यात तोलून किलोग्रॅम निश्चित केला. रीत तीच, गॅलिलिओची. १७९९ मध्ये त्यावरून प्लॅटिनमचा किलो घडवला गेला. पाण्याची घनता १ झाली ती अशी.

आपल्या देशात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम. आपली बॅच पहिल्या दहावीची, १९७५ ची. म्हणजे आपण आणि दुकानातला किलो जवळपास एकाच वयाचे. शाळेत ग्रॅम आणि लिटर, घरी आजीच्या तोंडी शेर आणि पायली. दोन्ही भाषा येणारी आपली बहुधा शेवटचीच पिढी. आज उरला आहे तो म्हणीतला 'शेरास सव्वाशेर' आणि सराफाकडचा तोळा. तोही ११.६६ ग्रॅमचा न राहता सरळ १० ग्रॅमचा झाला आहे.

पाण्याच्या त्या १ चे पुढे काय झाले? प्लॅटिनमचा किलो किंचित जड घडला गेला होता. एक किलो पाणी १००० नव्हे, तर १०००.०२८ घन सेंटिमीटर जागा व्यापते, असे काटेकोर मोजणीत दिसले. १९०१ पासून लिटर म्हणजे एक किलो पाण्याचे आकारमान, अशी व्याख्या होती. ती १९६४ मध्ये रद्द झाली आणि लिटर पुन्हा नेमका १००० घन सेंटिमीटरचा झाला. १८८९ पासून पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या किलोचा मानही २० मे २०१९ रोजी गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्याची ५७ क्रमांकाची प्रत आहे. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. शाळेच्या मोजपात्राला यातले काहीच जाणवत नाही. त्याच्या रेघा एवढ्या बारीक नाहीत. पाणी तिथे अजून १ च आहे.

आपल्यापैकी थोडेच पुढे विज्ञानाकडे गेले. बाकीचे शेती, बँका, दुकाने, कचेऱ्या आणि संसार यांत रमले. पण त्या टेबलापाशी आपल्याला मिळाले ते केवळ घनतेचे सूत्र नव्हते. सर म्हणतात म्हणून किंवा पुस्तकात आहे म्हणून नव्हे, तर मी तोलून पाहिले म्हणून, असे म्हणण्याचा हक्क मिळाला. ज्यांच्या घरी कधी स्वतःचे माप नव्हते, त्यांच्याही मुलांना ते माप हातात धरायला मिळाले. सरांनी वजनपेटी कुलपात न ठेवता आपल्यापुढे उघडून ठेवली, याचे मोल आज जास्त कळते.