टेंडरमध्ये बुडालेला हातपंप (थ्रेड)

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, त्या काळातील वाफेच्या इंजिनांपुढे एक चमत्कारिक अडचण होती. बॉयलरला पाणी पुरवणारा पंप सामान्यतः इंजिनाच्याच हालचालीवर चाले. इंजिन थांबले की पंपही थांबे; मग केवळ पाणी भरण्यासाठी इंजिन रुळांवर मागेपुढे फिरवावे लागे.

१८५८ मध्ये फ्रान्सच्या आंरी जिफार यांनी इंजेक्टरचे पेटंट घेतले. बॉयलरचीच वाफ आता पाणी आत ढकलू लागली. (वाफेवर चालणारे हवाई जहाज १८५२ मध्ये उडवणारे ते हेच.)

मोठ्या इंजिनांचा प्रश्न सुटला, चिमुकल्यांचा राहिला.

१९२० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील ‘मॉडेल इंजिनिअर’ नियतकालिकात ‘बॉयलरांची लढाई’ पेटली. अडीच इंची रुळांवरचे, खऱ्या कोळशावर चालणारे इंजिन प्रौढ माणसाला ओढू शकते, असे ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणारे लेखक ठामपणे सांगत. त्यांच्या ‘आयेशा’ने ते करूनही दाखवले.

परंतु कोळशाची आग स्पिरिटच्या दिव्यासारखी क्षणात विझवता येत नाही. पाण्याची पातळी फायरबॉक्सच्या माथ्याखाली गेली, की तांबे तापून मऊ पडते आणि वाफेच्या दाबाखाली खचते. इवल्याशा बॉयलरात पाणीच थोडे, म्हणून सवडही थोडी. इंजेक्टरची सूक्ष्म छिद्रे कचऱ्याने तुंबतात. आसावरचा पंप इंजिन उभे असताना निरुपयोगी. उरतो तो टेंडरच्या पाण्यात बुडवलेला हातपंप.

त्याची रचना साधी: एक दट्ट्या, दोन गोळी-झडपा आणि टेंडरच्या झाकणातून वर येणारा दांडा. दट्ट्या अर्धा इंच व्यासाचा आणि बॉयलरचा दाब चौरस इंचाला ८० पौंड असेल, तर सुमारे १६ पौंड जोर हवा. चारास एक तरफ लावली की हाताला भार पडतो केवळ चार पौंडांचा. दट्ट्या जाड केला तर पाणी अधिक जाते खरे, पण दुप्पट व्यासाला जोर चौपट लागतो. नवशिके येथेच फसतात. झडपेची गोळी छिद्राच्या व्यासाच्या साधारण चतुर्थांश उचलली जावी. त्याहून अधिक उचल व्यर्थ, कारण गोळी परत बसेपर्यंत पाणी मागे सरकते. पंपात हवा अडकली तर ती नुसती दबते, सुटते, आणि पाणी जागचे हलत नाही. म्हणून निर्गमाची वाट माथ्यावर ठेवतात.

नव्या बॉयलरची परीक्षाही अशाच हातपंपाने होते. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून नेहमीच्या दुप्पट दाब देतात. पाणी जवळजवळ दबत नाही. सांधा उकललाच, तर स्फोट न होता एक बारीक धार उडते.