अर्ध्यावर थांबलेले इन्स्टॉलेशन : यूनिक्सच्या कमांड लाइनवरून देखरेख

भाद्रपदापूर्वीच्या आठवड्यांत पेणच्या गणेशमूर्ती गावोगावी रवाना होत असतात. समजा, अशा वेळी एका कारखान्याच्या मागणी-नोंदी ठेवणारा लिनक्स संगणक पेणमध्ये आहे आणि त्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ रोह्यात बसून, 'एसएसएच' या दूरस्थ जोडणीद्वारे, त्यावर नवे सॉफ्टवेअर बसवीत आहे. पावसात रोह्याची वीज जाते व जोडणी तुटते. पेणमधील काम पूर्ण झाले की मध्येच अडकले, हे आता कसे कळावे? जुने सॉफ्टवेअर निघाले आणि नवे नीट बसले नाही, तर ऐन हंगामात नोंदी बंद पडतील.

यूनिक्स व त्याच्या धर्तीवरील लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक कामास 'प्रोसेस' म्हणतात व तिला एक क्रमांक मिळतो. जोडणी तुटली की तिच्यातून सुरू झालेल्या कामांना 'हँगअप' हा संकेत जातो. टेलिफोन ठेवून देणे या अर्थाचे हे नाव मोडेमच्या काळातले. हा संकेत न टाळणारी प्रोसेस तेथेच संपते. 'नोहप' ही जुनी आज्ञा त्यापासून संरक्षण देते. परंतु इन्स्टॉलेशनसाठी ती तोकडीच ठरते. जुनी कॉन्फिगरेशन फाइल ठेवावी की बदलावी, असा प्रश्न मध्येच विचारला जातो व उत्तर द्यायला कोणी नसते. त्याऐवजी काम 'स्क्रीन' (१९८७) किंवा 'टीमक्स' (२००७) यांच्या आत सुरू करावे. जोडणी गेली तरी काम पेणच्याच संगणकावर चालू राहते आणि वीज आल्यावर रोह्याहून तोच पडदा पुन्हा उघडता येतो. उबंटूची आवृत्ती बदलणारे साधन एसएसएचवरून चालवल्यास स्वतःच 'स्क्रीन'चा आधार घेते, यावरून या खबरदारीचे महत्त्व ध्यानात यावे.

'कंट्रोल' आणि 'झेड' या कळा एकत्र दाबल्यास काम संपत नाही, केवळ स्थगित होते. 'जॉब्स' आज्ञा अशा कामांची यादी देते, 'बीजी' त्यांना पडद्यामागे चालवते व 'एफजी' पुढे आणते. इन्स्टॉलेशन मात्र स्थगित ठेवून विसरू नये. त्याने लावलेले कुलूप तसेच राहते व दुसरे इन्स्टॉलेशन सुरू होत नाही. अशा वेळी कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. आधी 'पीएस' आज्ञेने ती प्रोसेस खरोखर जिवंत आहे काय, हे पाहावे. 'किल'चा नऊ क्रमांकाचा संकेत तर आवराआवर करण्याचीही उसंत देत नाही.

जोडणी तुटली तेव्हा 'स्क्रीन' नव्हते, तर? डेबियन, उबंटू आणि डेबियनवर आधारलेली सी-डॅकची 'बॉस' प्रणाली यांमध्ये नोंदी 'व्हार' डिरेक्टरीतील 'लॉग' या उपडिरेक्टरीत असतात. तेथील 'ॲप्ट'च्या इतिहास-फाइलमध्ये प्रत्येक कामाची आरंभ व समाप्तीची वेळ लिहिली जाते. आरंभ आहे पण समाप्ती नाही, आणि प्रोसेसही दिसत नाही, तर काम अर्धवट राहिले असे समजावे. 'डीपीकेजी'च्या नोंदीत कोणते पॅकेज केवळ उलगडले गेले व कोणते पूर्ण बसले, हेही सापडते. 'डीपीकेजी'ला 'ऑडिट' पर्याय दिल्यास अर्धवट पॅकेजांची यादी मिळते. 'कॉन्फिगर' पर्यायासह 'ए' दिल्यास उलगडलेल्या पॅकेजांची उरलेली जुळणी पुरी होते. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

मोठ्या कंपन्यांच्या यूनिक्समध्ये ही सोय अधिक पद्धतशीर होती. एचपी-यूएक्सवर 'एसडब्ल्यूइन्स्टॉल'ने सॉफ्टवेअर बसवले जाई आणि 'एसडब्ल्यूजॉब'ने कामांची यादी, त्यांची स्थिती व लॉग पाहता येई. जुन्या कामांच्या नोंदी काढूनही टाकता येत.