मुक्या रोग्याचे अंतरंग



गुरांच्या दवाखान्यातली जुनी अडचण एकच. दुखणाईत बोलत नाही. डॉक्टर पाठीवरून हात फिरवणार, ताप पाहणार, धन्याला चार प्रश्न विचारणार. फ्रान्समधील ल्यों शहरी १७६१ साली बूर्जला यांनी पशुवैद्यकाची शाळा स्थापन केली, तेव्हाही शिक्षणाचा भर डोळा आणि हात यांवरच होता.

१८९५ साली जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि कातडी न चिरता मोडलेले हाड दिसू लागले. पण हाडाआड दडलेल्याचे काय? डॅक्सहुंड नावाचा आखूड पायांचा, लांब पाठीचा कुत्रा असतो. त्याच्या मणक्यांमधली चकती सरकली, की मज्जारज्जू दाबला जातो आणि बिचारा मागले पाय ओढू लागतो. साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात. मज्जारज्जू दिसत नाही.

ही उणीव भरून काढली चुंबकाने. शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यातल्या हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे जणू इवलेसे चुंबकच. प्रबळ चुंबकाच्या पोकळीत रोग्याला ठेवून रेडिओ-लहरी सोडल्या, की ही केंद्रे उलट साद देतात. होय, या आकाशवाणीच्या लहरींचीच ती भावंडे! ही साद ब्लॉक आणि पर्सेल यांनी १९४६ साली अमेरिकेत ओळखली. तिच्यावरून चित्र काढण्याची युक्ती लॉटरबर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली. त्यालाच आज एम. आर. आय. म्हणतात.

आता गंमत पाहा. लॉटरबर यांनी आधी पाण्याच्या नळ्यांचे चित्र घेतले, मग समुद्रकाठच्या एका चिमुकल्या शिंपलीचे. १९७४ साली स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला उंदराचे चित्र निघाले. माणसाच्या छातीचे चित्र निघाले ते १९७७ साली, तेही जवळजवळ पाच तास खपून. म्हणजे ही विद्या माणसाकडे आली ती मुक्या जिवांच्या वाटेने. कुत्र्यामांजरांच्या इस्पितळात ती मागाहून पोचली.

हे ऋण अजून पुरते फिटलेले नाही. यंत्र महाग, तपासणीही महाग. बोगदा अरुंद, घोड्याचा पाय वा डोके त्यात मावते, अख्खा बैल मावत नाही. शिवाय आत निश्चल पडावे लागते आणि आवाज मोठा, म्हणून जनावराला बहुधा भूल द्यावी लागते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात मेंदूच्या अभ्यासासाठी कुत्र्यांना भुलीवाचून स्वस्थ पडायला शिकविले, आणि २०१२ साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. पण ते शिकविण्याचे काम सबुरीचे.

तेव्हा यंत्र आतले दाखवील. पण आज जनावर वैरणीला तोंड का लावत नाही, हे पहिल्याने ध्यानात यायचे ते गोठ्यातल्या माणसाच्याच.