दारूविना जॅझ: चर्चगेट स्ट्रीटचं गिऱ्हाईक

जॅझ म्हटलं की धूर आणि दारूचा ग्लास डोळ्यांपुढे येतो. मुंबईत मात्र जॅझचा सगळ्यात बहराचा काळ दारूबंदीतला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर प्यायला परवाना लागू लागला. परदेशी पाहुण्याला तो मिळे, देशी माणसाला प्रकृतीचं कारण पुढे करावं लागे. ‘परमिट रूम’ची पाटी महाराष्ट्रात तेव्हापासूनची. आणि त्याच वर्षांत चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, दिवेलागणीनंतर एका रेस्टॉरंटातला सॅक्सोफोन विरतो न विरतो तोच पुढच्या दारातून ट्रंपेट ऐकू येई.

या संगीताचं गिऱ्हाईक घडलं ते त्याआधी, ‘ताज’च्या बॉलरूममध्ये. 1935 साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन तिथे आला. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. समोर गोरे साहेब, संस्थानिक, पारशी धनिक. जवळच्याच यॉट क्लबात भारतीयांना मज्जाव होता. ताजमध्ये पैसा आणि पोशाख ठीक असला की झालं. खुद्द वादकांनाही हा बदल जाणवत असणार, कारण अमेरिकेतल्या कित्येक हॉटेलांत कृष्णवर्णीय माणूस वाजवायला चाले, जेवायला चालत नसे.

ही मंडळी गाणं ऐकायला येत नसत. ती नाचायला येत. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, मग जेवण, मग पुन्हा फॉक्सट्रॉट. बँडमास्तरची नजर नाचाच्या फरशीवर. जोड्या टेबलाकडे परतू लागल्या की तो चाल बदले. लांबलचक सोलो ही वादकांची हौस. ती भागवायची आपापसात, कामाचे तास संपल्यावर.

पाहुणे बँड परतले तेव्हा त्यांच्या खुर्च्या गोमंतकीयांनी सांभाळल्या. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी पद्धत होती, त्यामुळे नोटेशन वाचणारे वादक तयारच होते. मिकी कोरिया यांच्या बँडने ताजमध्ये सुमारे दोन दशकं काढली. अल्दोण्याचे अंतोनिओ झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजले. ट्रंपेट आणि खर्जातला घोगरा आवाज अशा दोन्ही गोष्टींमुळे लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, आणि पन्नास-साठच्या दशकांत जॅझ बॉलरूममधून रस्त्यालगतच्या रेस्टॉरंटात उतरला. अ‍ॅम्बॅसडर, रिट्झ, बॉम्बेलीज, 1956 सालचं गेलॉर्ड, अ‍ॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस: पायी फिरून होईल एवढ्या टापूत ही सगळी ठिकाणं. पेला हाती नसल्याने रेस्टॉरंटवाल्याला गिऱ्हाईक धरून ठेवायला बँडच उपयोगी पडे. कॉलेजची पोरं एका कॉफीवर संध्याकाळ काढत. पदार्थ तेच आणि भावही साधारण तेच, तेव्हा कुठे शिरायचं हे गायिकेवरून ठरे. व्हेनिसमध्ये ख्रिस पेरींच्या बँडबरोबर लॉर्ना कोर्देरो गाई. या जोडीने पुढे कोंकणी गाण्यांत जॅझ आणला आणि तो घराघरांत गेला. मरीन ड्राइव्हच्या ‘टॉक ऑफ द टाऊन’मध्ये कांजीवरम नेसून उभी राहिलेली तरुण गायिका म्हणजे उषा अय्यर, नंतरच्या उषा उत्थुप.

रात्री हॉटेलात वाजवणारे हेच लोक दिवसा फिल्म स्टुडिओत असत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 1951 च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेटना बँडसकट पडद्यावरही आणलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस वाद्यमेळ रचत. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून त्यांचं नाव सर्वतोमुखी केलं. चर्चगेटची पायरी कधी न चढलेल्या सोलापूर-नागपूरच्या प्रेक्षकाने जॅझ ऐकला तो असा, पाच-दहा आण्यांच्या तिकिटात आणि नाव माहीत नसताना.

सत्तरच्या दशकात दारूबंदी ढिली झाली होती, पण नाचणाऱ्यांना आता डिस्को हवा होता. ताजमध्येच ‘ब्लो अप’ नावाचा डिस्को निघाला. सहा-आठ वादकांचा पगार देण्यापेक्षा तबकड्या लावणं मालकांना परवडे. जॅझकडे उरला तो फक्त ऐकणारा. त्याच्यासाठी निरंजन झवेरी आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ‘जॅझ यात्रा’ सुरू केली, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईत आणला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली लोक रांगेत बसून कान देऊन ऐकू लागले. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे रंगभवनही बंद झालं.

‘टॉक ऑफ द टाऊन’ ज्या सूना महालात होतं, तिथे नंतर ‘जॅझ बाय द बे’ आलं. काही काळाने पाटीवर ‘नॉट जस्ट जॅझ’ असं लिहिण्याची वेळ आली, आणि आता तिथे पिझ्झा मिळतो. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्या तळमजल्यांवर वाजलेल्या संगीताचं ध्वनिमुद्रण मात्र फारसं झालंच नाही. तो काळ पाहिलेली गिऱ्हाइकं आज ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारात असं कुणी असेल, तर कुठल्या टेबलावर बसून त्यांनी कुणाला ऐकलं, हे विचारून लिहून ठेवा.