रॉकेलच्या रांगेपासून बँकेच्या खात्यापर्यंत : गरिबाच्या चुलीला सरकारी हातभार

१/ रास्त भाव दुकानापुढे रॉकेलसाठी लागणारी डब्यांची आणि कॅनची रांग महाराष्ट्रातील किमान दोन पिढ्यांनी पाहिली आहे. त्या रांगेमागे एक मोठे धोरण उभे होते. गरीब कुटुंबाच्या इंधनखर्चाचा काही भार सार्वजनिक पैशातून उचलावा, असे ते धोरण. ते कसे घडले, कुठे गळले आणि कसे बदलले, याचा हा धागा.

२/ आरंभ शब्दापासून. 'रॉक ऑइल', म्हणजे खडकातले तेल, यावरून मराठीत 'रॉकेल' आले, 'गॅसलाइट'वरून 'घासलेट'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या या परदेशी तेलाने करंज-एरंडेलाचे दिवे मागे सारले. १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशातून येणारे तेल थांबले. दिव्याचे तेल हा सरकारी नियंत्रणाचा विषय असतो, हे सामान्य माणसाला युद्धकाळाने शिकवले.

३/ १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, साखर, खाद्यतेल यांच्याबरोबर रॉकेलही त्यांच्या मागण्यांत होते. चुलीचे इंधन हा राजकीय प्रश्न आहे, हे या लाटण्यांनी सरकारच्या कानी घातले.

४/ पुढच्याच वर्षी जागतिक तेलसंकट आले. ऑक्टोबर १९७३ ते जानेवारी १९७४ या काळात कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. भारताने तेलाच्या किमती सरकारी नियंत्रणाखाली ठेवल्या आणि 'ऑइल पूल' नावाचा हिशेब उभा राहिला. त्याचे सूत्र सोपे होते. पेट्रोल व विमानाचे इंधन महाग विकायचे आणि त्या पैशातून रॉकेल व घरगुती गॅस स्वस्त ठेवायचा.

५/ म्हणजे मोटारवाल्याने कंदीलवाल्याच्या तेलाचे पैसे भरायचे. कल्पना न्याय्य होती. मात्र मदत कुटुंबाला न देता वस्तूला दिली गेली होती. लिटरमागे किंमत उतरवली की ते लिटर कोणाच्या घरी पोहोचते, याची खात्री किंमत देत नाही. पुढील सारी गुंतागुंत या एका निवडीतून आली.

६/ १ एप्रिल २००२ रोजी नियंत्रित किमतींची व्यवस्था अधिकृतपणे संपली. रॉकेल आणि घरगुती गॅस यांवरील अनुदान मात्र अर्थसंकल्पातून चालू राहिले. काही वर्षांत ते संपवण्याचा बेत होता, पण दर वाढवण्याचे धाडस सहसा कोणी केले नाही. शिधापत्रिकेवरील रॉकेल जून २०१० पर्यंत सुमारे ९ रुपये लिटर राहिले. त्या महिन्यात ३ रुपये वाढले, तरी डिझेल त्याच्या जवळपास तिप्पट महाग होते.

७/ ही तफावतच भेसळीचे भांडवल ठरली. रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळला जाई, तरी ते डिझेलमध्ये जाऊन मिसळतच होते. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या २००५ सालच्या पाहणीनुसार रेशनच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के भाग भलतीकडे वळत होता.

८/ टक्केवारीमागे माणसे असतात. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेलाची भेसळ करणाऱ्यांना हटकले. त्यांना दिवसाढवळ्या जिवंत जाळण्यात आले. गरिबाच्या कंदिलासाठी स्वस्त केलेले तेल किती मोठ्या काळ्या धंद्याचे इंधन झाले होते, हे त्या दिवशी देशाला दिसले.

९/ तरीही रॉकेलचे अनुदान निव्वळ उधळपट्टी होते, असे म्हणता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ३१.४ टक्के कुटुंबांचा, आणि ग्रामीण भागातील ४३.२ टक्के कुटुंबांचा, प्रकाशाचा मुख्य आधार रॉकेलच होते. मुख्यतः रॉकेलवर स्वयंपाक करणारी कुटुंबे ३ टक्क्यांहून कमी होती. म्हणजे हे अनुदान चुलीपेक्षा दिव्याला अधिक जात होते. अनेक घरांत ते वीजबिलाच्या मदतीचेच दुसरे रूप होते.

१०/ गॅसची कथा उलटी. त्याच जनगणनेत गॅसवर स्वयंपाक करणारी कुटुंबे २८.५ टक्के होती. ग्रामीण भागात केवळ ११.४ टक्के. तेल कंपन्यांना कमी दरात विक्री केल्यामुळे येणारी तूट २०१२-१३ मध्ये रॉकेलवर सुमारे २९,४०० कोटी, तर गॅसवर सुमारे ३९,५०० कोटी रुपये होती. गरिबांच्या नावाने आखलेल्या मदतीचा मोठा वाटा शहरी मध्यमवर्गाच्या ओट्यावर पोहोचत होता.

११/ मग मर्यादा आल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये वर्षाला ६ अनुदानित सिलिंडर ठरले. विरोध झाला, म्हणून जानेवारी २०१३ मध्ये ९ आणि जानेवारी २०१४ मध्ये १२. जून २०१३ पासून काही जिल्ह्यांत आणि जानेवारी २०१५ पासून देशभर नवी रीत आली. सिलिंडरची पूर्ण किंमत आधी भरायची, अनुदान नंतर बँकेच्या खात्यात. मदत वस्तूवरून निघून प्रथमच व्यक्तीच्या नावावर आली.

१२/ २०१५ मध्ये सधन ग्राहकांना अनुदान सोडण्याचे आवाहन झाले आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातील स्त्रीच्या नावे जोडणी आणि त्यासाठी १,६०० रुपयांचे साहाय्य. ८ कोटी जोडण्यांचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद येथील कार्यक्रमात गाठला गेला.

१३/ परंतु जोडणी एकदाच मिळते. सिलिंडर पुन्हा पुन्हा भरावा लागतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात डिसेंबर २०१८ अखेर उज्ज्वला लाभार्थ्यांची वार्षिक सरासरी ३.२१ सिलिंडर इतकीच आढळली. शेगडी आणि पहिला सिलिंडर कर्जावर घेतलेल्यांचे अनुदान तर आधी त्या कर्जात वळते होई. रोजंदारीवरच्या घरात शेकडो रुपये एकरकमी काढणे कठीण असते. रॉकेल मात्र पाव लिटरही मिळे, आणि सरपण वेचून आणता येई.

१४/ पुढे रॉकेलचा दर थोड्याथोड्या पैशांनी वाढवत २०२० पर्यंत त्यावरील अनुदान संपवण्यात आले. त्याच वर्षी टाळेबंदीत उज्ज्वला लाभार्थ्यांना ३ सिलिंडर मोफत देण्याची घोषणा झाली; बहुतेक इतर ग्राहकांचे अनुदान मात्र जवळपास शून्यावर आले. मे २०२२ मध्ये उज्ज्वला लाभार्थ्यांसाठी सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० रुपये ठरले. सर्वांसाठी स्वस्त वस्तू ते निवडक कुटुंबांना रोख मदत, असा हा अर्धशतकाचा प्रवास.

१५/ या प्रवासात गळती घटली, हे खरे. मात्र नव्या पद्धतीत गरिबाला आधी पूर्ण पैसे उभे करावे लागतात, हेही तितकेच खरे. जुनी व्यवस्था चोराला सोयीची होती. नवी, हाताशी चार पैसे असलेल्याला. म्हणून अशा योजनांचा इतिहास वाचताना मंजूर झालेल्या कोटींसोबत आणखी एक आकडा शोधावा : त्या घरात वर्षभरात सिलिंडर किती वेळा आला?